आक्कांच्या गाडीची मागची काच

आक्का, सारजाबाईला पुन्हा मागं टाकलं. पोळ्याआधीच्या निमगाव केतकीच्या बाजारादिवशी, सकाळच्या पहिल्या खेपेला, कालव्याच्या पुलापुढच्या चढावर. तुमचा दहावा अजून व्हायचा होता. तिच्या डोक्यावर बैलांच्या दोरांचा भारा होता. कासरे, वेसणी, म्होरक्या, सगळं उन्हाळाभर हातांनी वळलेलं. पोळा झाला की त्या दोरांना पुढच्या पोळ्यापर्यंत गिऱ्हाईक नाही. गाडी तुमची होती आणि गाडीत बसलेली माणसं आपल्या सणसरची होती. सारजाबाई पायी, मधे थोडी कुणाच्या बैलगाडीतून, निमगावला पोचली तेव्हा उन्हं कलली होती आणि बैलवाले घराकडं निघाले होते.

तुमच्या दिरांनी मला सांगितलं होतं, "वहिनींवर चार ओळी लिही. जन्म, माहेर, स्वभाव, दानधर्म." त्या चार ओळी ते स्वतः लिहितील. मला पत्रकं लिहायची सवय, आणि तुमच्याशी भांडायची. दोन्ही एकदम सुटणार नाहीत.

भांडण सुरू झालं ते मी मॅट्रिक होऊन बारामतीच्या छापखान्यात चिकटलो त्या वर्षी. अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा, असा कायदा दिल्लीत नुकताच झाला होता. आणि इथं आपल्या मांगवाड्यातली माणसं तुमच्या गाडीमागं पळत होती. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या लोकांना ती गाडी ठाऊक आहे, तरी न पाहिलेल्यांसाठी सांगतो. तुमचे मालक गेल्यावर मागं राहिलेली, लांब नाकाची अमेरिकी स्टेशन वॅगन. टपावर भाजीच्या पाट्या, आत माणसं, चालवायला नामा, मालकीण तुम्ही. गावातली माणसं स्टँडवर चढायची. मांगवाड्यातल्यांनी स्टँडवर चढू नये असं कुणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं, पण ती पुलाजवळच उभी राहायची, सारजाबाईही त्यांतच. पुढं चढ. चढावर गाडी थांबवली तर ती पुन्हा उचलायची नाही, हे खरं होतं. म्हणून रीत अशी पडली की त्यांनी हात करायचा, गाडी चढ चढून सपाटीला लागायची, नामा आरशातून मागं बघायचा आणि कुणी पळत येताना दिसलं तर थांबायचा. दिसलं तर. त्याला महिनोन्महिने कुणी दिसतच नव्हतं.

मी पत्रक लिहून तुमच्या दारात आलो. तुम्ही ओसरीवर वांगी निवडत होतात.

"आक्का, तुमच्या गाडीवर पत्रक काढतोय."

"काढ की. वाचून दाव आदी."

मी उभ्यानंच वाचायला लागलो. 'सरंजामी मनोवृत्तीचा निर्लज्ज आविष्कार' इथपर्यंत आलो तेव्हा तुम्ही एक किडकं वांगं बाजूला फेकलंत.

"ह्यात गाडी कुठं हाय रं?"

"पुढं येते."

"मग लौकर आण. माणसं चढाला दमत्यात."

मग तुम्ही नामाला हाक मारलीत. तो पुसायचं फडकं खांद्यावर टाकून आला, आणि मी काय विचारणार हे माहीत असल्यासारखा तुमच्याकडंच बघून बोलायला लागला.

"आक्का, चढाला हुबी केली तर उचलंल का गाडी? तुमीच सांगा. सपाटीला मी आरशात बघतो. पर दिसतंय काय? मागच्या काचंवर धुरळ्याचा थर. माणूस हाय का म्हस हाय, कळत न्हाय."

"व्हय?" तुम्ही म्हणालात. "मग काच पुसू."

मला तो पळपुटेपणा वाटला आणि मी तसं बोललोही. तुम्ही वांगी निवडत राहिलात. आठवड्याभरात तुम्ही पुण्याला जाऊन जुन्या बाजारातून मोडीत निघालेल्या लष्करी ट्रकच्या वायपरची मोटार घेऊन आलात. पुढच्या काचेवरचा पाऊस पुसायला वायपर असतो, हे सगळ्यांना माहीत. मागच्या काचेला, तेही धुरळा पुसायला, तो लावलेला आपल्याकडं कुणी पाहिला नव्हता. नुसत्या रबरानं धुरळा निघेना, रेघा उठायला लागल्या. मग तुम्ही रबरावर घोंगडीचा तुकडा शिवलात, निघताना तो ओला करायचा. मोटार बारा व्होल्टची आणि गाडीची बॅटरी सहाची, त्यामुळं वायपरचा हात इतका सावकाश फिरायचा की बघणाऱ्याला झोप यावी. पहिल्या दिवशी तर स्क्रू नीट आवळला नव्हता. स्टँडवर उभ्या गाडीचा तो हात गळून मागं बसलेल्या पेरूवालीच्या पाटीत पडला.

"आक्का, भाव पटत न्हाय तर तोंडानं सांगा की," ती म्हणाली.

सगळं स्टँड हसलं. "आक्काची गाडी शेपूट हालवाया लागली," असं कुणी तरी ओरडलं. तुम्ही हात परत जागेवर बसवत, वळून न बघता म्हणालात, "हालवंल न्हाय तर काय? वळखीची माणसं दिसत्यात तिला."

काच स्वच्छ झाली आणि नामाला बघणं भाग पडलं. गाडी सपाटीला थांबली. सारजाबाईनं भारा टपावर दिला आणि ती आत येऊन मागच्या बाकाच्या अगदी कडेला टेकली. इंदापूरपर्यंत सगळी तिच्याकडं पाठ करून बसली होती, असं तिनंच मला सांगितलं.

मग वायपरची मोटार बंद पडली. त्या खेपेला दोष खरा होता. तुम्ही अंगणात पोतं अंथरलंत, त्यावर माझी उरलेली पत्रकं पसरलीत आणि मोटारीचं झाकण उघडलंत. आतल्या दातेरी चाकांना लावलेलं ग्रीस धुरळा खाऊन पिठल्यासारखं घट्ट झालं होतं. ही मोटार गाडीच्या आत बसवायची असते. ती तुम्ही बाहेर बसवली होती. नामानं तेव्हाच सांगितलं होतं आणि तुम्ही त्याला "गप रं" म्हणाला होतात. ते आठवलं असणार, कारण तुम्ही त्याच्याकडं न बघता सायकलच्या फाटक्या ट्यूबची टोपी कापलीत आणि मोटारीवर चढवलीत. चाकं रॉकेलनं धुतलीत, आणि प्रत्येक चाक माझ्या पत्रकानं पुसलंत.

"कागद बरा हाय तुझा. त्याल चांगलं पितो."

"आक्का, त्यावर शेतमजुरांच्या मागण्या आहेत!"

"मग त्यास्नी न्यायच्या गाडीलाच लागला की."

मी चिडून निघून गेलो. आज ते आठवून हसू येतं.

पुढच्या खेपेला मोटार गप्प झाली तेव्हा आत धुरळा नव्हता. मोटारीतल्या तांब्याच्या फिरत्या भागाला दोन बाजूंनी कोळशाचे दोन तुकडे टेकलेले असतात, त्यांतून आत वीज जाते. त्यांना कार्बन म्हणतात. तुम्ही झाकण काढलंत तर एकच कार्बन होता. दुसऱ्याची स्प्रिंग जागेवर आणि जागा रिकामी.

"झिजला आसंल," नामा म्हणाला.

"कार्बन झिजतो रं," तुम्ही म्हणालात. "उठून जात न्हाय."

आता तुम्ही त्याला धरणार म्हणून मी पुढं सरसावलो. तुम्ही टॉर्चचा जुना सेल फोडलात, आतली काळी कांडी काढलीत, दगडावर पाणी न घालता घासून तिचा बरोबर मापाचा तुकडा केलात. मग मोटार नामाच्या हातात दिलीत. "धर." त्यानं धरली. तुम्ही कार्बन आत बसवेपर्यंत त्याला ती दोन्ही हातांनी धरून उभं राहावं लागलं, आणि तो सबंध वेळ मोटारीकडंच बघत होता. तुमचं झाल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "चालू कर."

त्यानंतर हे चालूच राहिलं. तो काढायचा, तुम्ही घालायचात. घासून तयार केलेले कार्बन तुमच्या पदराच्या गाठीला असायचे, जसे दुसऱ्या बायकांच्या गाठीला पानसुपारीचे तुकडे असतात. ते बघून माझं डोकं फिरायचं.

"आक्का, त्याला कामावरून काढा, नाहीतर मी त्याचं नाव छापतो."

"छाप. मग दुसरा डायवर आणतोस? त्यो काय आभाळातनं येनार हाय?"

"म्हणजे त्यानं मोडायचं, तुम्ही दुरुस्त करायचं, हेच चालू द्यायचं?"

"मोडून मोडून कटाळंल की."

"आणि तुम्ही?"

"मी कशापायी कटाळू? माझी गाडी हाय." मग म्हणालात, "त्याला इचार तरी एकदा. पत्रकात नगं. तोंडावर इचार."

निमगावच्या बाजारात चहाच्या पालात मी नामाला गाठलं आणि सरळ विचारलं. त्यानं नाकारलं नाही. बशी खाली ठेवून तो म्हणाला, "दादा, मला त्यात काय सुख हाय? गाडी थांबली की आतली म्हंत्यात, नामा, ह्ये असंच चालायचं आसंल तर आमी दुसऱ्या गाडीनं जातो. आन ही म्हननारी कोन? तुमच्या सभंला सतरंजीवर म्होरं बसून टाळ्या वाजवत्यात ती. काच घाण आसली की मीबी सुटतो, तीबी सुटत्यात."

मी धावत तुम्हाला सांगायला आलो. तुम्ही ऐकून घेतलंत. "मला ठावं हाय. गाडी माझी हाय, गिऱ्हाईक मी वळखती."

पुढच्या बाजाराला तुम्ही स्वतः गाडीत बसलात. मीही होतो. तुम्ही मागच्या बाकावर, काचेकडं तोंड करून, सोवळ्यातल्या बाईसारख्या ताठ. गाडी सपाटीला थांबली, सारजाबाई धापा टाकत आली आणि तुम्ही म्हणालात, "ये, बस हितं." तसे दोघे उठले. एक बागायतदार, नाव लिहीत नाही, आणि दुसरा त्याचा चुलतभाऊ.

"आमी मागनं येतो, आक्का."

"या की. मागची गाडी सांजच्याला हाय."

दोघे उतरले. त्या सपाटीवर झाड नाही, झुडूप नाही. नामानं काय करावं? तो खाली उतरला, बॉनेट उघडलं आणि इंजिनात पाणी घालायला लागला. कधी नव्हे ते थेंबाथेंबानं. दोघांनी एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा आभाळाकडं. पाणी घालून व्हायच्या आत दोघे परत आत येऊन बसले.

"ऊन लई हाय," बागायतदार म्हणाला.

"व्हय की," तुम्ही म्हणालात. त्याला एक टोमणा मारायची संधी तुम्ही सोडलीत, याचा मला तेव्हा राग आला होता. बोलली ती सारजाबाई. "दादा, तुमच्या खिलाऱ्याची म्होरकी म्याच वळलीया. बसली का नीट?" त्याला उत्तर देणं भाग होतं. "बसली," तो म्हणाला. मग टोपी सारखी करत, "बरी हाय."

त्यानंतर एकही बाजार तुम्ही चुकवला नाही, आणि आपलं खरं भांडण तिथून सुरू झालं, ते संपलंच नाही. मी म्हणायचो, तुम्ही बसता म्हणून गाडी थांबते. हा काही मार्ग नव्हे, ही एका बाईची मेहेरबानी झाली. गाडीत कायदा टांगा, मी ठळक अक्षरांत छापून देतो.

"कायदा हाय की. पर त्यो गाडीत बसत न्हाय. मी बसती."

"कायदा माणूस गेल्यावर मागं राहतो, आक्का."

तुम्ही इतक्या हसलात की ठसका लागला. "मंजी मी मेल्यावर तुझं खरं ठरनार. थांब मग!"

मी थांबायला तयार होतो, आक्का. हवं तेवढं. मी खोटा ठरायलाही तयार होतो.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. 'ह्यात गाडी कुठं हाय रं' असं तुम्ही विचारलंत त्या दिवसापासून माझ्या एकाही पत्रकात 'सरंजामी' हा शब्द आलेला नाही. लिहून झालं की मी कागद समोर धरतो आणि गाडी शोधतो. नसली तर फाडतो. हे तुमच्यापाशी कबूल केलं असतं तर तुम्ही वर्षभर चिडवलं असतंत, म्हणून बोललो नाही. आता चिडवायला कुणी नाही, तर सांगण्यात मजाही नाही.

सारजाबाईला मागं टाकलं त्या बाजारादिवशी मी आधीपासून निमगावात होतो. सारजाबाई भारा घेऊन आली, जमिनीवर टाकला आणि त्यावरच बसली. कुणी टाकलं, कसं टाकलं, सगळं सांगितलं. पाणी मागितलं. मी गाडी उभी होती तिकडं गेलो, थेट मागच्या बाजूला. मला पक्कं माहीत होतं काय सापडणार ते. ट्यूबची टोपी ओढली, झाकण उघडलं.

दोन्ही कार्बन जागेवर होते. एक तर नवा घासलेला, कडा अजून धारदार.

नामा मागं येऊन उभा राहिला. "म्याच घासला. आक्का गेल्या त्या आठवड्यात ह्यो झिजला. खरंच झिजला, दादा. आता कोन घालनार, म्हनून म्याच घातला." त्यानं आत जाऊन बटण दाबलं. तुमचा तो झोपाळू हात काचेवरून एकदा गेला, एकदा आला. काचेतून मला बाजार दिसत होता, बैल दिसत होते, लांब भाऱ्यावर बसलेली सारजाबाई दिसत होती.

"म्हणजे सकाळी ती दिसली तुला?"

"दिसली. भारा घिऊन पळत व्हती. म्या गाडी हळू केली."

"मग?"

"आतनं म्हनले, चल, चल. आक्का न्हाय आता."

आणि त्यानं गाडी चालवली. हा त्याचा दोष, तो मी त्याला तोंडावर सांगितला. तो म्हणाला, "व्हय." एवढंच. निमित्त सांगितलं नाही. सांगण्यासारखं निमित्त त्याच्यापाशी उरलंच नव्हतं. ते तुम्ही एकेक कार्बन घालून काढून घेतलं होतंत.

सारजाबाईला विचारलं, नाव छापू का? पूर्वी ती नको म्हणायची. नाव छापलं तर गाव दोर घेणार नाही अशी तिला भीती होती. या खेपेला म्हणाली, "छाप बाबा. आता तरी कोन घेतंय?"

तर तुमची पद्धत बरोबर होती, आक्का. मोडून मोडून नामा कंटाळला, आणि शेवटी दुरुस्त करायला शिकला. माझंही म्हणणं खरं ठरलं, तुम्ही गेलात आणि पुढच्या बाजाराला ते ठरलं, आणि मला त्याचा काडीचा आनंद नाही. दोघंही बरोबर होतो तर सारजाबाई मागं राहिली कशी, यावर आता ओसरीवर बसून तुमच्याशी तासभर भांडायला हवं होतं. तुम्ही काही तरी निवडत बसला असता आणि मी उभा असतो. ते आता होणं नाही. ज्या माणसाशी भांडून मी शहाणा झालो त्या माणसाला मी एकदाही वाकून नमस्कार केला नव्हता. तुम्ही करूही दिला नसतात. आता इथं करतो.

उरलेलं तुमच्याशी नाही, हे वाचणाऱ्यांशी बोलायचं आहे.

सणसरकरहो, हा कागद तुमच्यातले बरेच जण गाडीतच वाचतील. त्या सकाळी आत कोण कोण होतं आणि 'चल' कोण कोण म्हणालं, हे मला ठाऊक आहे. धुरळा होता, असं म्हणू नका. तो नव्हता. आक्कांच्या फोटोला वर्गणी मागायला मी येणार नाही, शोकसभेत तुमची भाषणंही मला ऐकायची नाहीत. मागणी एकच आहे. पोळा गेला, पण येत्या बाजाराला सारजाबाई केरसुण्या घेऊन पुलाजवळ उभी राहणार आहे. गाडी चढ चढून सपाटीला लागेल आणि नामा ती हळू करील. त्या वेळी तुम्ही वळून मागच्या काचेतून बघा. नामाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं 'थांबव' म्हणा. आणि सरका.